वर्तमानपत्र न वाचणारे घर

गेली दोन वर्षे एका विचाराने माझा पिच्छा पुरविला आहे. त्याचे मूळ एका प्रश्नात आहे आणि तो प्रश्न माझ्या पत्नीचा आहे. आमचे केडगाव हे अहिल्यानगर शहराचे पुणे रस्त्यावरील उपनगर. रेणुकामातेच्या नवरात्रामुळे ते पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे, जरी बाहेरगावचा मनुष्य त्याची दौंडजवळच्या, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या केडगावाशी हटकून गल्लत करतो. नेप्तीचा कांद्याचा उपबाजार आम्हांस जवळ. इतका की लिलावाच्या आदल्या रात्री गोण्या लादलेल्या गाड्यांचा आवाज झोपेतही ओळखू यावा. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी घालणारा केंद्र सरकारचा हुकूम अमलात आला, आणि त्यानंतरच्या एका लिलावाहून परतलेले आमचे शेजारी, ज्यांची नगर तालुक्यात चार एकर जमीन आहे, संध्याकाळी घरी न जाता आमच्या ओट्यावर येऊन बसले. आडत्याची पट्टी त्यांनी न बोलता माझ्या हाती दिली. हमाली, तोलाई आणि गाडीभाडे वजा जाता तळाशी उरलेला आकडा आदल्या पट्टीच्या निम्मासुद्धा नव्हता. आत दूरचित्रवाणीवर मालिका चालू होती. तिच्यातील प्रशस्त घरात एक हार चोरीस गेला होता, आणि सगळे कुटुंब दिवाणखान्यात अर्धवर्तुळ करून धाकट्या सुनेकडे संशयाने पाहत उभे होते. चहा घेऊन बाहेर आलेल्या माझ्या पत्नीने ती पट्टी पाहिली, मान वळवून पडद्याकडे पाहिले, आणि अगदी साध्या स्वरात विचारले, "अहो, यांच्या घरी कांदा कोण आणतो?"

तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. पंचवीस वर्षे ती मराठी मालिका मनःपूर्वक पाहत आली आहे. त्यांतील सुनांच्या दुःखाने तिचे डोळे भरून आलेले मी पाहिले आहेत. आणि म्हणूनच तिला ते खरोखर जाणून घ्यावयाचे होते. महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून उभी हयात घालविल्यामुळे कोणत्याही गोष्टीचे टिपण केल्यावाचून मला चैन पडत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी एक वही घेऊन तिच्याशेजारी बसू लागलो, आणि मालिकांतील घरांत बाहेरचे जग कोणत्या वाटेने शिरते याची नोंद करू लागलो. वर्तमानपत्र पुष्कळदा दिसले. सकाळच्या प्रसंगात घरातील वडीलधारे गृहस्थ ते हाती धरून झोपाळ्यावर किंवा सोफ्यावर बसलेले असत. परंतु दोन महिन्यांत त्यांपैकी एकानेही त्यातील एखादी बातमी मोठ्याने वाचून दाखविल्याचे, तिच्यावर कोणाशी वाद घातल्याचे, अथवा ती वाचून कपाळाला हात लावल्याचे माझ्या पाहण्यात आले नाही. सून चहा घेऊन आली की वर्तमानपत्राची घडी होई आणि ते टीपॉयवर जाई. पाऊस आला तो प्रेमी युगुलास भिजविण्यापुरता. पेट्रोलचे दर, निवडणूक, नदीचा पूर, परदेशी नोकरीस गेलेल्या मुलाच्या देशात पेटलेले युद्ध, यांपैकी कशालाही त्या उंबऱ्याच्या आत प्रवेश नव्हता.

ही कैफियत मांडताना एक गोष्ट प्रथमच स्पष्ट केली पाहिजे. मालिकांविषयी नाक मुरडून बोलणे हे सुशिक्षितपणाचे लक्षण समजणाऱ्या लोकांपैकी मी नाही. माझी आई निरक्षर होती. अखेरच्या सहा वर्षांत तिला अंथरुणावरून उठवत नसे, आणि त्या काळात रोज संध्याकाळी सात वाजता तिच्या खोलीत जी माणसे न चुकता येत, ती पडद्यावरचीच होती. आम्ही सख्खी मुले त्या नियमाने आलो नाही. ज्या कलाप्रकाराने एका वृद्धेचे एकाकीपण सहा वर्षे वाटून घेतले, त्याला क्षुद्र म्हणण्याचा अधिकार मला नाही. त्याच्याकडून मोठी अपेक्षा करण्याचा अधिकार मात्र आहे, आणि तोच मी येथे बजावीत आहे.

दैनंदिन मालिकेचे स्वरूपच असे आहे की जगाची गडबड तिला सोसत नाही, असे पुष्कळांचे म्हणणे पडते, आणि मूळ पाहता त्यात तथ्य असल्यासारखेही वाटते. हा प्रकार जन्मला तोच मुळी अमेरिकेतील नभोवाणीवर, १९३० च्या सुमारास, शिकागो शहरी. इर्ना फिलिप्स नावाच्या लेखिकेने गृहिणींसाठी दुपारच्या वेळी रोज थोडी थोडी कथा सांगण्याची रीत रूढ केली, आणि साबण बनविणाऱ्या कंपन्यांनी तिला आश्रय दिला. गृहिणी घरात असते, साबण घरात लागतो, म्हणून कथाही घरातच राहिली. फिलिप्सबाईंची ‘गायडिंग लाइट’ ही मालिका १९३७ साली नभोवाणीवर सुरू होऊन पुढे दूरचित्रवाणीवर गेली आणि २००९ साली थांबली. बहात्तर वर्षांचा हा प्रपंच. आपल्याकडे ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत चालली व तिने तीन हजारांहून अधिक भागांची मजल गाठली. त्या अवधीत अफगाणिस्तान व इराकची युद्धे झाली, हिंदी महासागरात त्सुनामी उसळली, २६ जुलै २००५ चा पाऊस मुंबईवर कोसळला, २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आली. तो कालखंड आमच्या घरातही गेला आणि पडद्यावरील देशमुखांच्या घरातही. आमच्या घरावर त्याच्या खुणा राहिल्या.

परंतु स्वरूपाचा हा दाखला पुरा नाही. इंग्लंडात महायुद्धानंतर अन्नाची टंचाई असताना, शिधावाटप अजून चालू असताना, शेतकऱ्यांना उत्पादनवाढीच्या नव्या रीती कळाव्यात म्हणून बी.बी.सी.ने १ जानेवारी १९५१ पासून ‘द आर्चर्स’ ही श्रुतिका देशभर सुरू केली. तीही एका कुटुंबाचीच कथा. तीतही लग्ने, रुसवे आणि भाऊबंदकी. पण २००१ साली ब्रिटनमध्ये जनावरांच्या लाळ्या-खुरकताच्या साथीने हाहाकार केला, तेव्हा ती साथ त्या काल्पनिक गावाच्या वेशीवरही येऊन ठेपली, आणि श्रोत्यांनी आपल्या गोठ्याची चिंता त्या गोठ्यात ऐकली. ती मालिका आजही चालू आहे.

आणि इंग्लंडपर्यंत जाण्याचे तरी काय कारण? मुंबई आकाशवाणीवरील ‘पुन्हा प्रपंच’ ज्यांनी ऐकले आहे त्यांना टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत यांची ओळख करून देण्याची गरज नाही. प्रभाकर जोशी, नीलम प्रभु आणि बाळ कुडतरकर यांच्या त्या तीन आवाजांनी जे घर उभे केले, त्याला भिंती नव्हत्या, रंगीत पडदे नव्हते, पण त्याचे दार सताड उघडे होते. महागाई, टंचाई, सरकारचा नवा फतवा, जे काही त्या आठवड्यात लोकांच्या बोलण्यात असेल ते टेकाडे भावजी दारातून घेऊन येत, मीनावहिनी त्याचा संसाराशी मेळ घालून पाहत, आणि पंत त्यावर आपले मत देत. आमच्या गावी चावडीपाशी एकच संच होता. तो ऐकून घरी जाताना माणसे त्या दिवशीच्या विषयावर बोलत जात, आणि बोलताना ‘वहिनी म्हणाल्या ते बरोबर होते’ असे म्हणत, जणू त्या गावातच राहत होत्या. चालू घडामोडी आणि स्वयंपाकघर ही दोन निराळी खाती आहेत, ही कल्पना त्या श्रोत्यांच्या स्वप्नातही आली नसती.

भारतीय दूरचित्रवाणीवरील मालिकेचा पाया तर परराष्ट्राकडे पाहूनच घातला गेला, आणि तो घालण्यात एका मराठी मनुष्याचा हात होता, हे आज विस्मरणात गेले आहे. मेक्सिकोत मिगेल साबिदो या निर्मात्याने प्रौढ साक्षरतेसारखे विषय कौटुंबिक मालिकेत गुंफून दाखविले होते. वर्ध्याचे खासदार आणि त्या वेळचे नभोवाणी मंत्री वसंत साठे यांनी १९८२ साली तिकडे जाऊन आल्यावर तो प्रयोग येथे व्हावा म्हणून खटपट केली, आणि ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू झाली. आरंभीच्या भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश फार झाला, लोक कंटाळले, मनोहर श्याम जोशींनी लेखणी सावरली, आणि मग मात्र अशोककुमारांचे समारोपाचे चार शब्द ऐकावयास सारी आळी जमू लागली. उपदेश नको, हे प्रेक्षकांनी तेव्हा सांगितले ते योग्यच होते. जग नको, असे त्यांनी कधीच सांगितले नव्हते. लक्षावधी पत्रे लिहून त्यांनी उलट आपल्या घरातले प्रश्न त्या घरात पाठविले. १९८८ च्या जानेवारीत फाळणीवरील ‘तमस’ दाखविण्यास हरकत घेतली गेली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी ती मालिका स्वतः पाहिली आणि मग मनाई नाकारली. दूरचित्रवाणीवरील कथेला न्यायासनाने दिलेला तो मान होता.

माझ्या घरापासून काही मैलांवर भिंगारच्या बाजूला जो भुईकोट किल्ला आहे, वर्तमानपत्राविषयी लिहिताना त्याचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’च्या ठरावानंतर काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना मुंबईत पकडून या किल्ल्यात आणून ठेवण्यात आले. आरंभीचे काही आठवडे त्यांना वर्तमानपत्रसुद्धा मिळू दिले नाही. जगात महायुद्ध पेटलेले, देशात वणवा उठलेला, आणि ज्यांनी तो चेतविला त्यांना बाहेर काय चालले आहे याचा पत्ता नाही. त्या कोंडीतच मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रे लिहिली, आणि १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढले. त्याच ग्रंथावरून श्याम बेनेगलांनी ‘भारत एक खोज’ ही त्रेपन्न भागांची मालिका केली. तिचा आरंभ १४ नोव्हेंबर १९८८ रोजी झाला. आमच्या नगरचेच सदाशिव अमरापूरकर तीत महात्मा फुले झाले होते, आणि ज्या शहरात सावित्रीबाईंनी मिस फरार यांच्या शाळेत अध्यापनाचे शिक्षण घेतले, त्या शहरातील घराघरांत तो भाग लोकांनी कोणत्या अभिमानाने पाहिला, हे मी विसरू शकत नाही. ज्या माणसाला वर्तमानपत्र नाकारले होते त्याने बंद दालनात बसून सारे जग कागदावर उतरविले. आज वर्तमानपत्र टीपॉयवर पडलेले असते आणि घर ते उघडीत नाही.

हे असे का झाले? लेखकांची प्रतिभा आटली, नट घसरले, प्रेक्षक अडाणी झाले, ही तीनही उत्तरे मला मान्य नाहीत. कारण निर्मितीच्या पद्धतीत आहे, आणि त्या पद्धतीला मराठीत एक नेमका शब्द आहे: रतीब. ज्याने दुधाचा रतीब लावून घेतला त्याला म्हैस आटली असे सांगण्याची सोय नसते. भांडे भरून देणे भागच असते, आणि मग भांडे कशाने भरावयाचे हे वेगळे सांगावयास नको. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळता सुमारे बावीस मिनिटांचा मजकूर रोज पुरवावा लागतो. घोडबंदर रस्त्यावर, मीरा रोडला किंवा मढ बेटावर भाड्याने घेतलेल्या बंगल्यात बारा-बारा तास चित्रीकरण चालते. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि पुष्कळदा ते संवाद त्याच दिवशी सकाळी नटांच्या हाती पडतात. कलावंतांचे मानधन नव्वद दिवसांच्या मुदतीने मिळावयाचे, हा त्या व्यवसायाचा रिवाजच आहे. अशा धावपळीत धाकट्या सुनेच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा झेपावतो तो कलेच्या गरजेने झेपावत नाही. तेवढ्याने वीस सेकंद भरून निघतात.

रतिबाच्या जोडीला आणेवारी आहे. आमच्या खात्यात गावाची आणेवारी, म्हणजे आताची पैसेवारी, ठरविताना सबंध गावाचे पीक कोणी मोजीत नसे. निवडक शेतांतील लहान तुकड्यांवर पीककापणीचे प्रयोग होत, आणि त्यावरून साऱ्या गावाचे नशीब ठरे. पन्नास पैशांच्या वर आकडा गेला की टंचाईच्या सवलतीला गाव मुकले. ज्यांच्या शेतातला तुकडा निवडला गेला नाही अशा शेतकऱ्यांची तोंडे मी कचेरीच्या व्हरांड्यात पाहिली आहेत. मालिकांची आणेवारी दर गुरुवारी जाहीर होते. देशातील वीस कोटींहून अधिक दूरचित्रवाणी-घरांपैकी सुमारे पंचावन्न हजार घरांत मापयंत्रे बसविलेली असतात. नमुन्याचे शास्त्र खोटे आहे असे मी म्हणणार नाही, ते मी स्वतः राबविले आहे. पण त्या शास्त्राने पिकाचे वजन कळते, कस कळत नाही, आणि पुढच्या हंगामात काय पेरावे हे तर त्याने मुळीच कळत नाही. गुरुवारी आकडा घसरला की शुक्रवारी कथेचा बांध फोडला जातो: मेलेला परततो, स्मृती जाते, जुळी बहीण निघते.

तिसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते, आणि त्याचा विचार फारसा झालेला नाही. अलीकडच्या कित्येक गाजलेल्या मराठी मालिका परभाषेतील यशस्वी मालिकांवरून बेतलेल्या आहेत. ‘आई कुठे काय करते’चे मूळ बंगाली ‘श्रीमोयी’त, ‘ठरलं तर मग’चे तमिळ ‘रोजा’त. भाषांतर हे पाप नाही. मराठी रंगभूमी शेक्सपिअर आणि कालिदास यांच्यावरही पोसली. परंतु जी कथा कोलकात्याहून मुंबईस आणि चेन्नईहून आणखी कोठे सहज नेता यावी अशी अपेक्षा असते, तिच्यातून जागेला चिकटलेली प्रत्येक वस्तू आधी सोडवून घ्यावी लागते. चोरीचा हार कोणत्याही प्रांतात चालतो. नेप्तीच्या बाजारातला कांद्याचा भाव चालत नाही. मराठवाड्यातला टँकर चालत नाही. आळीतल्या गॅलरीतून रिकामी बादली घेऊन वाकलेली बाई चालत नाही. माझ्या पत्नीच्या प्रश्नाचे हे एक उत्तर आहे असे मला वाटते. याला अपवाद झाले आहेत. साताऱ्याकडच्या मातीतली ‘लागिरं झालं जी’ २०१७ साली आली. सैन्यात भरती होण्याची आस धरलेला तीतला तरुण आमच्या नगरला, जेथे रणगाडा दलाचे केंद्र आहे आणि जेथे सकाळी रस्त्याच्या कडेने धावणारी पोरे रोज दिसतात, परका वाटण्याचे कारणच नव्हते. लोकांनी ती उचलून धरली.

एकदाच असे घडले की बाहेरच्या जगाने दार न ठोठावताच मालिकांच्या घरात पाऊल टाकले. करोनाच्या साथीमुळे १९ मार्च २०२० पासून चित्रीकरणे तहकूब झाली, आणि नवे भाग दिसण्यास जुलै उजाडला. चार महिने रतीब बंद. नंतर जी घरे पुन्हा दिसू लागली, त्यांत एखाद-दुसऱ्या भागात मुखपट्टी दिसे, पुढे तीही गेली; लग्ने पूर्वीच्याच गर्दीत होऊ लागली. पण पडद्यामागे काय चालले होते? ‘मत्स्यगंधा’ नाटकातील सत्यवतीपासून मराठी रसिकांच्या परिचयाच्या आशालता वाबगावकर, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, सातारा जिल्ह्यात ‘आई माझी काळूबाई’चे चित्रीकरण चालू असताना करोनाने आजारी पडल्या आणि २२ सप्टेंबर २०२० रोजी साताऱ्यात निवर्तल्या. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पुन्हा निर्बंध येताच कित्येक मालिकांचे चमू गोव्यास गेले, आणि मे महिन्यात गोव्यानेही परवानगी मागे घेतली. प्रकाश धरणारे, वेशभूषा सांभाळणारे, चहा देणारे असे शेकडो लोक त्या वेळी घरदार सोडून, जीव मुठीत धरून, आम्हां प्रेक्षकांच्या साडेसातच्या वेळेसाठी राबत होते. त्या दीड वर्षात कोणाच्या घरी मनुष्य गेला नाही? कोणी दारात उभे राहून मयताचे दर्शन घेतले नाही? आमच्या आळीत चार दारांवर ती वेळ आली. आणि रोज संध्याकाळी आमच्या घरात येणारी ती माणसे, जी आमच्या सुखात सणवार साजरे करतात, त्यांनी आमच्या त्या दुःखाचा एक शब्दही उच्चारला नाही. याचा मला राग आला नाही. वाईट वाटले, जसे शेजाऱ्याने समाचाराला न यावे तसे.

मग जगाच्या घडामोडींसाठी मनुष्याने बातम्यांकडे वळावे, असे कोणी म्हणेल. मी रोज वळतो, आणि तेथे मला मालिकाच भेटते. तोच ढोल, तोच चेहऱ्यावर झेपावणारा कॅमेरा, तेच विश्रांतीपूर्वीचे आमिष. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याचे जे थेट दर्शन वाहिन्यांनी घडविले, त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या कसाब खटल्याच्या निकालपत्रात कडक ताशेरे ओढले. त्या ताशेऱ्यांचा परिणाम किती टिकला हे मे २०२५ मध्ये कळून आले. पाकिस्तानच्या सीमेवर चार दिवस तोफा धडाडत होत्या, आणि वाहिन्यांच्या स्टुडिओत हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा पार्श्वसंगीतासारखा वाजत होता. अखेर असा भोंगा कार्यक्रमांत वाजवू नका, अशी सूचना नागरी संरक्षणाच्या महासंचालनालयास काढावी लागली. आमच्या मागच्या गल्लीत एका जवानाची आई राहते. त्या दिवसांतल्या एका रात्री ती आमच्याकडे येऊन बसली होती. भोंगा वाजला की ती उठून दारापर्यंत जाई, आकाशाकडे पाही, आणि परत येऊन बसे. तीन वेळा असे झाल्यावर माझ्या पत्नीने संचाचा आवाज बंद केला. मालिकेने घरातून जग काढून टाकले, आणि बातम्यांनी जगातून घर काढून टाकले. ती माउली ज्या घरात राहते ते घर कोणत्याच पडद्यावर नाही.

हा सारा विचार मी एकदा पत्नीस सविस्तर सांगितला, तेव्हा तिने जी हरकत घेतली ती मी येथे प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे, कारण तिने माझे मत काही अंशी बदलले. ती म्हणाली, "तुम्ही पुरुष युद्धाला घडामोड म्हणता आणि बाईच्या घरातल्या छळाला रडगाणं म्हणता. ‘आई कुठे काय करते’मधल्या अनघा, अरुंधती यांचं बघून आमच्या भिशीतल्या दोघीजणी पहिल्यांदा बोलत्या झाल्या, ते तुमच्या कुठल्या बातमीत आलं?" तिचे म्हणणे खरे आहे. पंचवीस वर्षे राबून नवऱ्याच्या प्रतारणेनंतर आपल्या पायांवर उभी राहणारी गृहिणी हा विषय कोणत्याही तहनाम्याइतकाच सार्वजनिक आहे, आणि तो लक्षावधी घरांत नेण्याचे श्रेय मालिकेस दिलेच पाहिजे. पण यावरून माझा मुद्दा अधिकच बळकट होतो. जिच्या शब्दाने भिशीतल्या बायका बोलत्या होतात, त्या अरुंधतीने एके दिवशी भाजीवाल्याशी कांद्याच्या भावावरून चार शब्द बोलून, हा भाव कोणाच्या हुकमाने चढला आणि कोणाच्या शेतात उतरला असा प्रश्न नुसता विचारला असता, तर तो प्रश्न किती घरांत गेला असता!

पडद्यावरील घराचे हे सामर्थ्य मी कल्पनेने वाढवून सांगत नाही. युक्रेनमध्ये इतिहासाचा एक साधा शिक्षक राष्ट्राध्यक्ष होतो अशी मालिका २०१५ पासून चालली होती, आणि ती भूमिका करणारे झेलेन्स्की २० मे २०१९ रोजी खरोखरीच राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेते झाले. पुढे २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाच्या फौजा देशात घुसल्यावर त्या पदाचे खरे ओझे त्यांच्या खांद्यावर पडले. त्यांच्या शपथविधीच्याच आठवड्यात, २३ मे २०१९ रोजी, आमच्या जिल्ह्यातील पारनेर तालुक्याला लागून असलेल्या शिरूर मतदारसंघातून अमोल कोल्हे लोकसभेवर निवडून आले, आणि त्या वेळी ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही त्यांची मालिका घराघरांत चालू होती. लोक पडद्यावरच्या माणसावर एवढा विश्वास टाकतात. त्या विश्वासाच्या बदल्यात त्यांना पडद्यावर काय मिळते, हे विचारण्याचा प्रेक्षकास हक्क आहे.

माझे मागणे फार नाही. मालिकेला आरंभी मुदत असावी, आणि मुदत संपल्यावर तिला सन्मानाने थांबू द्यावे. रोजच्या रतिबाऐवजी आठवड्यातून दोन-तीन भागांचा बेत एखाद्या वाहिनीने तरी धरून पाहावा. गुरुवारचा आकडा पाहून शुक्रवारी कथा मोडण्याचा अधिकार कोणास नसावा. आणि झोपाळ्यावरच्या त्या आजोबांना हातातले वर्तमानपत्र वाचू द्यावे. ते काय वाचतील हे लेखकाने ठरवावे. चित्रीकरण आणि प्रक्षेपण यांत दिवसांचे अंतर असते, म्हणून ताजी बातमी घेता येत नाही, हे मी जाणतो. पण दुष्काळ, भाववाढ, परदेशी अडकलेला मुलगा आणि सीमेवरचा जावई या गोष्टी आठ दिवसांत शिळ्या होत नाहीत.

२२ मार्च २०२५ ला, शनिवारी संध्याकाळी, कांद्यावरील निर्यातशुल्क १ एप्रिलपासून रद्द होणार असल्याची वार्ता भ्रमणध्वनीवरून गावात आली. निर्यातबंदी मे २०२४ मध्ये उठली, पण तिच्या जागी चाळीस टक्के शुल्क बसले होते, मग वीस टक्के. त्यामुळे ऐकीव वार्तेवर विश्वास ठेवण्यास आमचे शेजारी तयार नव्हते. ते आले आणि म्हणाले, "वहिनी, जरा बातम्या लावता का?" पत्नीने मालिका बंद करून रिमोट त्यांच्या हाती दिला. पडद्यावर आठ चौकटींत आठ माणसे एकाच वेळी बोलत होती, विषय दुसराच होता, आणि तळाशी अक्षरांची पट्टी धावत होती. आम्ही तिघे त्या पट्टीवर डोळे लावून वीस मिनिटे बसलो. अखेर ती ओळ आली, आणि ‘कांदा’ हा शब्द नीट वाचून होण्याच्या आत डावीकडे निघून गेली. "गेली का?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "होय, आहे, खरे आहे." ते उठले, चपला घालून चाळीतला कांदा पाहण्यासाठी अंधारात निघून गेले. पत्नीने पुन्हा मालिका लावली. स्वयंपाकघरातला प्रसंग चालू होता. ओट्यावर वेताची एक टोपली होती, तीत सारख्या आकाराचे, एकही साल न सुटलेले दहा-बारा कांदे रचून ठेवले होते, आणि दोघी जावा त्या टोपलीच्या अलीकडे आणि पलीकडे उभ्या राहून भांडत होत्या.